लाल फुलांचा थोर

रिक्षातून उतरताच सुभद्रेनं गच्चीकडे पाहिलं. उजव्या डोळ्यावर पट्टी होती, डाव्यातून पाणी गळत होतं. तरी कठड्याजवळची कुंडी जागेवर नाही, हे तिला दिसलं.

"माझा थोर कुठं आहे?"

तिच्या नवऱ्यानं, चंपतरावांनी तिचा दंड धरला. "आधी घरात चल वं. डॉक्टर काय म्हणाले? धूळ लागू द्यायची नाही."

"कुठं आहे, इचारून राहिली मी."

"फेकला सकाळी. कोपऱ्यावरच्या उकिरड्यावर."

आदल्या संध्याकाळी तिनं थोराची वाकडी फांदी छाटली होती. पांढरा चीक बोटांना लागला आणि त्याच बोटांनी तिनं डोळा चोळला. डोळा वाचला, पण चंपतरावांनी लगेच पाणी मारलं नसतं तर कठीण होतं, असं तिला रात्रभर ठेवून घेणाऱ्या रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

सुभद्रेनं दंड सोडवला, पदर डोक्यावर ओढला आणि मे महिन्याच्या उन्हात चालू लागली.

उकिरड्यावर कुंडी फुटून पडली होती. थोर आडवा झाला होता, चार-दोन फांद्या तुटल्या होत्या. शेंड्यावरची लाल फुलं मात्र अजून टवटवीत होती.

"विषारी आहे तो, सुभद्रा!" मागोमाग आलेले चंपतराव म्हणाले. " तुझा डोळा जात होता."

"माझ्या बोटानं जात होता. हात मी नाही धुतले, अन् शिक्षा त्याले काहून?"

"मोगरा लाव ना मंग."

"लावला होता. गुलाबही लावला. आपल्या गच्चीवर एक तरी उन्हाळा काढला का त्यायनं?"

तिथंच पडलेलं पोत्याचं फडकं तिनं काट्यांभोवती गुंडाळलं आणि थोर उचलला. एका डोळ्यानं अंदाज चुकला, पाय दगडावर पडला, ती झोकांडली. चंपतराव पुढे झाले.

"आण इकडं."

घरी तिनं जुन्या बादलीच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, रेती मिसळलेली माती भरली आणि थोर त्यात उभा केला. बादली गच्चीच्या पार टोकाला ठेवली, येता-जाता कुणाचा हात लागणार नाही अशी. मग दोघांनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. औषध घालून ती आडवी झाली.

ऊन उतरल्यावर जाग आली, तेव्हा घरात कुणी नव्हतं. ती चाचपडत गच्चीवर गेली. चंपतराव उकिडवे बसले होते. हातांत हिवाळ्यातले लोकरी मोजे चढवून ते एकेका डब्यात उकिरड्यावरच्या तुटक्या फांद्या रोवत होते.

"पाणी किती घालू?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

सुभद्रा त्यांच्याशेजारी बसली.

"काढा आधी त्या बाहेर. फांदीची जखम सुकू द्या, मंग माती."