हौदाचं झाकण
दुष्काळात सिडकोतला नळ दहाव्या दिवशी आला. आशाबाईंनी अंगणातला हौद भरून झाकण टाकलं. मोबाईलवर आईपणाचे व्हिडिओ टाकणाऱ्या सुनेला एका कंपनीनं जाहिरातीसाठी बाळाच्या अंघोळीचा टब पाठवला होता. व्हिडिओत नातू हसायलाच हवा होता. ऊन पाण्याच्या वाफेनं कॅमेरा धुरकटतो म्हणून तिनं गारच ओतलं. पहिल्या बादलीला लेकरू शिंकलं, दुसरीला रडलं; दर वेळी टब ओतून नव्यानं भरायचा. तिसरी बादली आली, तशा आशाबाई कडाडल्या, "लेकराला न्हाऊ घालतीस का गोधडी धुतीस? दहा दिवसांचं पाणी एका हसण्यापायी सांडलंस, अन् ते बी हसंना!" त्यांनी काकडलेलं लेकरू पदरात गुंडाळलं. सुनेनं मान खाली घातली. आशाबाईंना वाटलं, उमजलं एकदाचं. सून मोबाईल बघत होती. "आई, लई भारी बोललात. फक्त आवाज नीट आला नाय. त्याला टबात ठेवते, परत रागवा." आशाबाई लेकरासकट हौदाच्या झाकणावर फतकल मारून बसल्या.