लाजाळू पाहुणा

"पुस्तकातलं नको," महिपती मास्तर म्हणाले. "पुस्तकातलं सगळ्यांचं सारखंच असतं. ज्याने त्याने उठून आपापला रविवार इंग्रजीत सांगायचा. घरी काय झालं, कोण आलं, कोण गेलं. मराठीचा एक शब्द नको."

नसीरने मान खाली घातली. तो रेल्वेत रूळ बदलणारा सांधेवाला होता. गार्डाच्या परीक्षेसाठी रोज संध्याकाळी कुसगावहून लोणावळ्याला, स्टेशनमागच्या या खोलीत यायचा. वाचणं, लिहिणं त्याला जमू लागलं होतं. बोलणं राहिलं होतं. पण हे घरचं विचारणं मास्तरांनी अलीकडेच काढलं होतं. बेचाळीसच्या ऑगस्टात घाटात सरकारी तारायंत्राच्या तारा तोडल्या गेल्या, त्यानंतर. आणि तारा तोडणाऱ्यांतला एकजण, बायकोचा भाऊ युनूस, नसीरच्याच माळ्यावर कडब्याआड झोपत होता.

"मास्तरला आपल्या घरात काय बघायचंय?" त्याची बायको खुर्शीदा तो घरातून निघताना म्हणाली होती. "त्यानं विचारलं तर इंग्रजीत बी खोटंच सांगा."

समोरच्या सतरंजीवर चौकीतले हवालदार दत्तोबा बसले होते. त्यांना फौजदार व्हायचं होतं. धड्याआधी ते आणि मास्तर ओट्यावर एकाच किटलीतला चहा पीत होते, ते नसीरने येतानाच पाहिलं होतं. दोघं काहीतरी बोलत होते. नसीर दिसताच गप्प झाले होते.

त्याची पाळी आली. तो उठला. रविवारी नांगराचा फाळ लोहाराकडून शेवटून, धार लावून आणला, बकरी आजारी होती, घरी कोणी आलं नाही, असं त्याने अडखळत सांगितलं.

"कोणीच नाही?" मास्तरांनी विचारलं.

"नो सर."

मास्तर क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. मग बजरंगला उठवलं.

बजरंग लोकोशेडात फिटर, नसीरचा शेजारी. भिंतीला भिंत. त्या आठवड्यात मास्तरांनी माणसाच्या स्वभावाचे शब्द शिकवले होते. कंजूष, तापट, लाजाळू. बजरंगने ते वाटेत म्हणत म्हणत पाठ केले होते. तो छाती काढून उभा राहिला आणि सफाईने इंग्रजीत म्हणाला, "माझ्या शेजारी नसीरभाईंच्या घरी एक पाहुणा आहे. तो फार लाजाळू आहे. दिवसा बाहेर येत नाही."

मराठीत बजरंग हे मेला तरी बोलला नसता. पण नवा शब्द हाती लागला होता, तो वापरायला त्याला माणूस हवा होता. वाक्य न चुकता पार पडलं म्हणून तो हसत सगळ्यांकडे बघू लागला. नसीरकडेही.

दत्तोबांनी मिशीवरून हात फिरवला.

"छान," मास्तर म्हणाले. "बस. नसीर, खडू संपलेत. बाजारातून घेऊन ये."

नसीरने खिडकीकडे पाहिलं. तिथली खडूंची पेटी काठोकाठ भरलेली होती. म्हणजे आपल्याला घराकडे पळवायचं आणि मागून माणूस लावायचा. पाहुणा आपणच दाखवून द्यायचा. तरी तो उठला. बसून राहणंही सुरक्षित नव्हतं.

तो दारात पोहोचला तोच दत्तोबाही उठले. "मास्तर, मी बी येतो जाऊन. चौकीतलं एक काम ऱ्हायलंय."

"उभे राहिलाच आहात, तर तुमचा रविवार सांगून जा, हवालदार."

"उद्या सांगतो की."

"उद्या साहेबांपुढे असंच म्हणणार? आणि म्हणे फौजदार व्हायचंय!"

बाकीचे हसले. बजरंग तर खो-खो हसला. दत्तोबांचे कान लाल झाले. "घ्या, सांगतो," ते म्हणाले.

नसीर बाहेर आला. वहाणा उचलल्या, पण निघाला नाही. भिंतीला पाठ लावून उभा राहिला. हवालदार मागोमाग निघतो का, ते आधी बघायचं होतं. निघाला तर कुसगाव सोडून उलट्या दिशेला, तुंगार्लीकडे चालत सुटायचं.

आत दत्तोबांनी सुरुवात केली. पहिल्याच वाक्यात चुकले. मास्तरांनी चूक सांगितली. दत्तोबांनी पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकले. मास्तरांनी पुन्हा सांगितलं. मग दत्तोबांनी श्वास घेऊन, एकेक शब्द मोजून टाकत सबंध वाक्य म्हटलं.

नसीरने ते मनातल्या मनात तपासलं. वाक्य बरोबर होतं. अगदी बरोबर.

"चूक," आतून मास्तर म्हणाले. "साफ चूक. पुन्हा. पहिल्यापासून."

नसीरने वहाणा पायात घातल्याच नाहीत. त्या हातात धरून तो बांधावरच्या वाटेने कुसगावकडे पळत सुटला.