थंड जाळ

काचेच्या पेटीतल्या अंड्याभोवती गोकर्णाच्या फुलासारखा जांभळा जाळ फुलला.

"पोळत नाही गं?" अम्माने डोळे बारीक केले.

"थंड असतो, अम्मा. कवचावरचे जंतू मारतो, अंडं कच्चंच राहतं," पूंगोडी म्हणाली.

"मग आटप. पोर घरी कोपऱ्यात बसलीय, पिलासारखी चोच उघडून."

नामक्कलात पोरीला न्हाण आलं की कंबर बळकट व्हावी म्हणून सकाळी कच्चं अंडं, वर तिळाचं तेल. पूंगोडीही तेच पिऊन उभी राहिली होती. पण गेल्या साली बहिणीची लेक वेण्णिला तशाच कच्च्या अंड्याने आजारी पडली, दवाखान्यातून काडीएवढी होऊन परतली. तेव्हापासून पूंगोडीने कोंबड्यांच्या कॉलेजातल्या या पेटीवरचं काम सोडलं नव्हतं. आता पाळी तिच्याच लेकीची, कयलची होती.

जाळ विझला. तिने अंडं उचललं आणि बोटं थबकली. कवचावर पुसट पिवळं काहीतरी होतं.

"हे धुतलंस तू?"

"न धुता आणीन? माझ्या नातीला? हळदीच्या पाण्यात चोळचोळून धुतलं!"

पूंगोडीने अंडं खाली ठेवलं. "कोंबडी अंड्यावर झिलई देते गं. ती गेली की बारीक भोकं उघडी पडतात, पाण्याबरोबर घाण आत शिरते. आत माझा जाळ पोचत नाही."

अम्मा फणकारली, "बरं, चुकलं माझं. उद्याचं तसंच आणते, शिटेसकट. मग तर एकही जंतू उरणार नाही?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. अम्माला तेवढंच हवं होतं.

"कमी होतात, अम्मा. पुष्कळ कमी. पण एकही उरत नाही, असं मला अजून म्हणवत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कयल उकडलेलं खाईल. तेल हवं तेवढं ओत."

"गाव म्हणेल, शिकलेल्या आईने पोरीची कंबर कच्ची ठेवली."

"म्हणू दे."

अम्माने पदर खोचला. तरातरा दारापर्यंत गेली, आणि पाठमोरीच उभी राहिली.

"कयलच्या लेकीच्या न्हाणापर्यंत तरी होईल का गं तुझं काम?"