काट्याचं फोल्डर

आदितीचं नाव उन्मेषनं मोठ्या प्रोजेक्टच्या यादीत घातलं, धाकट्याच्या यादीत मुद्दाम घातलं नाही. मग फोन हाताशी ओढून वाट बघत बसला.

कंपनी साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते. सगळा कोड एका मोठ्या प्रोजेक्टमध्ये आणि त्याच्या पोटात ऊसगाड्यांच्या वजनकाट्याचा एक धाकटा प्रोजेक्ट. दोघांची कुलपं वेगळी. मोठ्याचीच परवानगी असली की बाकी सगळा कोड उतरतो, फक्त ‘काटा’ नावाचं फोल्डर रिकामं येतं. मग नव्या माणसाला उन्मेषला फोन करावाच लागतो, कारण किल्ली एकट्या त्याच्याकडे. दोन्ही परवानग्या एकदम द्यायला मिनिटसुद्धा लागलं नसतं. पण टीम पुण्याला गेल्यापासून राजारामपुरीतल्या ऑफिसात आठ खुर्च्या आणि हा एकटा. दिवसभर बोलायचं कुणाशी, भिंतीशी? पन्नाशीच्या माणसाला शोभणारा उद्योग नव्हता हा, पण करत होता खरा.

टपरीवरचा केरबा चहा घेऊन आला. “किती ठेवू?” त्यानं सवयीनं विचारलं.

“एकच.”

चहा निवायच्या आत फोन वाजला. हातात काम असल्यासारखा तो जरा थांबला आणि मग उचलला.

“सर, मी आदिती, पुण्यातनं. नवीन हाय मी. काट्याचं फोल्डर मोकळंच आलंय की.”

“व्हय? बघतो.” बघण्यासारखं काही नव्हतं. “गाव कुठलं म्हणायचं तुमचं?”

“कुरुंदवाड.”

“मग तिकडची नावाजलेली वांगी काय म्हणत्यात यंदा?”

आदिती मोकळेपणानं हसली. वांग्यांवरून बोलणं नदीवर गेलं, नदीवरून तिच्या आईच्या गुडघ्यांवर. उन्मेषच्या बायकोलाही तसाच त्रास होता, शेवटपर्यंत. हे त्यानं फार दिवसांत कुणाला सांगितलं नव्हतं. ते सांगितल्यावर त्यानं एक बटण दाबलं आणि फोल्डर भरलं.

“सर, हे प्रत्येकाला असंच हुतंय?” तिनं विचारलं.

“व्हय. प्रत्येकाला.”

“मग तुम्हाला किती तरास! थांबा, करते कायतरी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं केलेली सोय मंजुरीसाठी त्याच्यापुढे आली. मोठ्या यादीत नाव पडलं की धाकट्या यादीत ते आपोआप पडेल. त्यासाठी काट्याची एक किल्ली तिलाही द्यायची होती. खाली लिहिलं होतं, ‘सर, आता तुम्हाला कुणी तरास देणार न्हाय.’

पोरगी गुणाची, राग तरी कुणावर काढायचा? चूक सापडते का म्हणून त्यानं तिचा कोड दोनदा वाचला. सापडली नाही. त्यानं तिला किल्ली दिली, मंजुरी दिली आणि खाली ‘आभार’ असं लिहिलं. पुण्यातून तीन अंगठे आले.

संध्याकाळपर्यंत मोठ्या यादीत आणखी दोन नवी नावं चढली. दोघांचीही फोल्डरं भरलेली उतरली असणार. फोन टेबलावर होता तसाच होता. एकदा उचलून त्यानं रेंज तपासली. रेंज चांगली होती.

निघायच्या आधी त्यानं काट्याची यादी उघडली. सगळ्यात वर त्याचंच नाव होतं, पहिल्या दिवसापासून. ते त्यानं निवडलं आणि काढून टाकलं. ‘नक्की ना?’ मशीननं विचारलं. त्यानं ‘हो’ दाबलं. आता किल्ली एकट्या आदितीकडे.

मग सगळा कोड नव्यानं उतरवून घेतला. बाकीचं सगळं आलं. काट्याचं फोल्डर उघडून बघितलं, रिकामं होतं. त्याला बरं वाटलं. त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि फोन लावला.

“आदिती, मी उन्मेष. माझं काट्याचं फोल्डर मोकळं आलंय. जरा बघता?” आणि ती काही बोलायच्या आत त्यानं जोडलं, “घाई न्हाय काय.”