सातवर अडलेलं दुखणं

पत्र वाचून झालं तरी व्यायामाच्या बाई दाराबाहेरच उभ्या होत्या. आत चटयांवर एकोणीस माणसं आडवी पडून त्यांची वाट पाहत होती.

पत्रात आडपडदा नव्हता. दोन वर्षांत रुग्णांच्या वेदनेत पुरेसा फरक दिसला नाही, गोळ्याही उतरल्या नाहीत, सबब संशोधनाला पुढचा निधी देता येत नाही. मोठ्या डॉक्टरांनी ते वाचून चष्मा काढून ठेवला होता. "मी शब्द टाकून पाहिला," ते म्हणाले होते. "आकडे दाखवा म्हणतात. आपले आकडे काय बोलणार?"

आकडे खरंच मुके होते. ही सगळी माणसं पाठीने खचलेली आणि अफूच्या जातीच्या गोळीवर जगणारी. ती गोळी दुखणं झोपवते, आणि हळूहळू माणसालाही. ती कमी करून, व्यायामाने आणि सोबतीने पाठ सांभाळता येते का, एवढंच बाईंना दाखवायचं होतं. दर सोमवारी त्या प्रत्येकाला विचारायच्या, शून्य ते दहा, आज दुखणं किती? आठ-दहा महिन्यांत नवाचे सात झाले. मग ते सात जे बसले ते बसलेच. बाईंनी व्यायाम बदलले. घरोघरी जाऊन लोकांच्या खाटा आणि खुर्च्या तपासल्या. सात काही हलेना. आपल्याच हाताला गुण नाही, असं त्यांच्या मनाने केव्हाच घेतलं होतं.

त्या आत गेल्या.

"उठू नका, पडूनच ऐका," त्या म्हणाल्या. "आजचा वर्ग शेवटचा. पुढचा निधी आला नाही."

वरच्या मजल्यावरून एक स्ट्रेचर गेलं, त्याच्या चाकांचा आवाज पार टोकापर्यंत ऐकू आला. मग तीस वर्षं ट्रकवर काढलेले ड्रायव्हरकाका कुशीवर वळले. शेजारच्या चटईवर शिवणकाम करणाऱ्या मावशी होत्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मावशींनी मान हलवली.

"बंदच होणार असेल तर आता लपवून काय करायचं?" काका म्हणाले, आणि उभे राहिले.

एरवी त्यांना उठायला भिंत लागायची, दोन माणसं लागायची. आज ते गुडघ्यावर आले आणि सरळ उठले. मग वाकून पायाच्या अंगठ्यांना बोटं लावली.

"वर्ष होत आलं, बाई. मला काही होत नाही. थंडीत जरा धरते पाठ, पण थंडीत ट्रकसुद्धा धरायचा."

लोक हसले. मावशी उठल्या. मागच्या चटईवरचे गुदामवाले उठले. बघता बघता चौदा-पंधरा जण उभे होते, आणि एकाच्याही तोंडून 'आई गं' निघालं नव्हतं.

"आणि गोळ्या?" बाईंनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"औषधाच्या खिडकीवरून घ्यायच्या आणि घरी मोरीत सोडायच्या," मावशी म्हणाल्या. "सांगणार होतो हो. पण तो सुतार आठवतो ना? त्याने खरं सांगितलं. दुखणं दोन, गोळी नको. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, त्याचं नाव कमी केलंत, चटई दुसऱ्याला दिलीत. एकटा जीव तो. चार महिन्यांत परत गोळीवर गेला. आता दार वाजवलं तर उघडत नाही, आतूनच 'बरा आहे' म्हणतो."

"मग आम्ही ठरवलं," काका म्हणाले. "बरं व्हायचं, पण सांगायचं नाही. सातच्या खाली कोणी उतरायचं नाही."

"कण्हायची तालीम जिन्यात व्हायची," गुदामवाले म्हणाले, आणि पुन्हा हशा पिकला. मनावरचं ओझं उतरल्यासारखी माणसं हसत होती.

बाईंनाही हसायचं होतं. गोळी सुटली की नाव कमी, हा नियम त्यांनीच आखला होता. सुताराचं नाव त्यांनी अहवालात 'पूर्ण बरा' म्हणून लिहिलं होतं, पहिल्या पानावर. आता धावत वर जाऊन मोठ्या डॉक्टरांना काय सांगायचं? उपाय लागू पडला, फक्त आपला वर्षभराचा प्रत्येक आकडा खोटा आहे? खोट्या आकड्यांवर कोणी पैसा देत नाही, आणि ते लिहिणाऱ्याला पुन्हा दाराशीही उभं करत नाही. हाताला गुण होता. तो दाखवायला हातात काही उरलं नव्हतं.

लोक चटया गुंडाळू लागले. कोणी एकमेकांच्या घराचा पत्ता विचारत होतं. सोमवारी कुठेतरी जमू या, असंही कोणी म्हणालं, पण जागा कोणाकडेच नव्हती आणि ते बोलणं तिथेच विरलं.

मावशी मात्र चटई काखेत धरून उभ्या होत्या. त्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, आणि बघता बघता त्यांचं हसू मावळलं.

"बाई, एक विचारू? हे आमच्या आकड्यांमुळे तर नाही ना बंद पडलं?"

मागचा गलबला थांबला. काका चटईला दोरी बांधत होते, त्यांचे हात तसेच राहिले. एकोणीसही जण बाईंकडे पाहत होते.

"छे हो, मावशी," बाई म्हणाल्या. "पैसेच संपले त्यांच्याकडचे. तुमचे आकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत."