बायजेची साक्ष

कोपरीच्या मिठागरात राबणारा चांगू एका सकाळी फडक्यात ओंजळभर मीठ बांधून, ते कमरेला खोचून घरी निघाला. मिठाच्या चोरीवर नजर ठेवणाऱ्या नाक्यावरच्या पोलीस शिपायाने दरडावलं तसा तो जागीच थांबला, त्याने दोन्ही हात वर केले, आणि शिपायाने त्याला गोळी घातली. बोभाटा फार झाला, म्हणून १८७६ च्या त्या उन्हाळ्यात गोऱ्या साहेबापुढे चौकशी बसली.

"तो माझ्यावर धावून आला. मला जिवाची भीती वाटली," शिपायाने शपथेवर सांगितलं.

चांगूची बायको बायजा त्या सकाळी त्याच्या मागोमाग येत होती, तिने सगळं पाहिलं होतं. नवरा तर गेलाच, पण निदान त्याला कुणी हल्लेखोर म्हणू नये, एवढ्यासाठी ती ठाण्याच्या कचेरीपर्यंत चालत आली होती.

"त्याच्या हातात काय होतं?" साहेबाने विचारलं.

"काय नव्हतं साहेब. दोनी हात वर केलं व्हतं त्यानी."

शिरस्तेदार साक्ष लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला, "मयताने शिपायावर दोन्ही हात उगारले."

"उगारलं नाय रे दादा!" बायजा कळवळून ओरडली. "वर केलं. हे असं!" आणि उभ्या जागी तिने आपले रिकामे हात डोक्यावर नेले.

साहेब खुर्चीसकट मागे सरकला. दारावरच्या पहारेकऱ्याने बंदूक खांद्याला लावली.



मग साहेबाने रुमालाने कपाळ पुसलं आणि निकाल दिला, "शिपाई खरं बोलतो. आत्ता मलासुद्धा जिवाची भीती वाटली."