फळ्यावरचा आठवडा

"मंगळवारी पोहूचा," भक्तीने फळ्यावर लिहिलं. "देवबागच्या खाडीत भरती सकाळची आसा. बाकीचा सगळा त्या धरून बसवया."

पडवीत तिच्यासमोर दोघंजण बसली होती. देवेश तारकर्लीला पर्यटकांना राहायला खोल्या द्यायचा, सृष्टी बँकेत होती. डिसेंबरात पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ करायची शर्यत होती. दोघांनी नावं दिली होती आणि दोघांनीही आजवर अशी एकही शर्यत पुरी केलेली नव्हती. गणपती नुकतेच गेले होते. पोटात अजून मोदक होते.

भक्ती कट्टा गावच्या हायस्कुलात खेळ शिकवायची. शाळेतल्या पोरांना धरते तसंच तिने ह्या दोघांनाही धारेवर धरलं होतं. बुधवारी कुडाळपर्यंत सायकल. गुरुवारी धामापूरच्या रस्त्याने धावणं, चढावर चालायचं नाही. शनिवारी सायकलवरून उतरल्या उतरल्या धावायला सुटायचं.

"पाय लाकडासारखे होतले," ती म्हणाली. "ते हयसर होऊ देत. शर्यतीत नको."

सृष्टी फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आमची दोघांची नावा लिवलंस. तुझा खंय आसा?"

"माझा नाय."

"भक्ती, गेल्या वर्षी तू पुरी केलंस. आमका तूच ह्याच्यात ओढलंस."

"म्हणानच तुमका शिकवतंय. माझा ह्या वर्षी नाय, विषय संपलो." भक्तीने खडू इतका जोरात टेकवला की त्याचं टोक मोडलं.

मे महिन्यात तिच्या सासऱ्यांच्या, बाबलींच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. बाबली म्हणजे काजूच्या बागेला एकट्याने कुंपण घालणारा माणूस. तो खाटेला खिळला. भक्तीचा नवरा नीलेश बोटीवर, जानेवारीशिवाय येणार नव्हता. शेजारच्या राधाबाई म्हणाल्या, सकाळी मी बसते त्यांच्यापाशी. भक्तीने नको म्हटलं. सायकलवर चादर घालून ती मागच्या पडवीत उभी केली आणि सासऱ्यांचं सगळं अंगावर घेतलं. तोंड धुवायचं, पेज भरवायची, कूस बदलायची.

त्यांनी मात्र साथ दिली नाही. मालवणहून फिजिओ यायचा. बाबली भिंतीकडे तोंड करायचे आणि तो जाईपर्यंत वळायचे नाहीत. आपणच कुठे कमी पडतो, असं भक्तीला वाटायचं. म्हणून तिने पहाटेचं फिरणं सोडलं. मग शाळेचं शिबिर सोडलं. सासरे भिंतीला आणखीच चिकटले.

आत काहीतरी धाडकन पडलं.

तिघंही धावली. पाण्याचा तांब्या जमिनीवर गडगडत होता. बाबली खाटेवरून अर्धे खाली घसरले होते आणि डाव्या हाताने खिडकीचा गज धरून अंग वर ओढायला बघत होते. मानेच्या शिरा ताठल्या होत्या. देवेशने त्यांना धरून खाटेवर बसवलं.

"काय होया होता? माका हाक मारूची ना!" भक्ती म्हणाली.

"तुझा नाव... नाय म्हणालंस." शब्द जिभेवर अडखळत होते, पण कळत होते. "कित्याक नाय?"

"मी गेलंय तर तुमका कोण बघतला?"

"ताच!" त्यांनी डावी मूठ खाटेवर आपटली. "तू माझ्यापायी सायकल ठेवलंस. त्या दिसापासून मी पडान रवलंय. म्हटलंय, मी लवकर गेलंय तर तू मोकळी होतलंस, चेडवा. तो फिजिओ माका बरो करूक येय होतो. माका बरा होवचाच नाय होता."

देवेश तांब्या उचलायला वाकला तो वाकलेलाच राहिला.

चार महिने भक्ती एकेक गोष्ट सोडत गेली होती. ती ह्या माणसासाठी सोडते आहे, असं तिला वाटत होतं. आणि इथे पडल्या पडल्या तो त्यातली प्रत्येक गोष्ट मोजत होता, आणि आणखी थोडा मरत होता.

बाहेर जाऊन तिने फळा दोन्ही हातांनी उचलला आणि खाटेसमोर आणून भिंतीला टेकवला. देवेश, सृष्टी. त्याखाली तिने स्वतःचं नाव लिहिलं. त्याच्याही खाली लिहिलं, बाबली.

"राधाबाईंका सांगतंय, सकाळची येतली," ती म्हणाली. आवाज शाळेच्या मैदानावरचा होता. "फिजिओ उद्या येतलो. त्याच्याकडे पाठ करूची नाय. तुमका तीनच गोष्टी. बसूचा, उभ्या रवाचा, चलाचा. मी खाडीत असतंय तेव्हा तुम्ही हयसर घाम गाळतालास. मी परत इलंय की विचारतलंय."

बाबलींनी फळा वरून खालपर्यंत बघितला. आपल्या नावापाशी नजर बराच वेळ थांबली. तोंडाची एक बाजू हलली. दुसरी हलली नाही, पण ते हसत होते.

"माका आयतवारी सुट्टी लिव," ते म्हणाले.

भक्तीने खडू खाली ठेवला, कमरेला पदर खोचला आणि त्यांच्या काखेत हात घातला. दुसऱ्या बाजूने देवेश आला.

"पयल्या आठवड्यात सुट्टी नाय, बाबांनू," ती म्हणाली. "आज आयतवारच आसा. उठा."